वरिष्ठांची सही

मला एक सांगा, स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्यात लघवी करणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं असतं?

हा प्रश्न मी गुरुवारी सकाळी बाथरूमच्या बंद दारासमोर उभी राहून विचारला. विचारला म्हणजे ओरडले. भांडं ओट्यावर नव्हतं, कपाटात नव्हतं, आणि आतून धार भांड्यात पडल्याचा आवाज येत होता. मग अगदी शांत उत्तर आलं, "एकशे दहा. काल ह्याच वेळेला एकशे साठ होती."

माणूस चार दिवसांचा आजारी, भिंत धरल्याशिवाय उभं राहता येत नाही, आणि आकडे मात्र चोख!

पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मीच चिडकी आहे. आहेच, पण कारणाशिवाय नाही.

आमचे हे चौतीस वर्षं कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. दर तासाला वाफेचा दाब बघायचा, काचेच्या नळीत पाणी किती आहे ते बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं. तारीख, वेळ, दाब, पाणी, मग शेरा, आणि सगळ्यात शेवटी वरिष्ठांची सही. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. बॉयलर सुटला, रजिस्टर सुटलं नाही. आता त्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असतं, गॅस कधी बदलला ते असतं, माझं वजन असतं (मला न विचारता), आणि दर वर्षीच्या रक्ततपासणीचे आकडे असतात. रकाने तेच, हातानं आखलेले. सहीचा रकाना नेहमी रिकामा, कारण ह्या घरात वरिष्ठ कोण हे त्यांनी कधी उघड बोलून दाखवलं नाही.

त्या सहीवरून एक जुनी गोष्ट आहे. एकदा पाळीवर असताना नळीतलं पाणी उतरायला लागलं. ह्यांनी मॅनेजरला कळवलं. मॅनेजर म्हणाला, माल आज निघायचाय, चालू ठेवा. हे परत आले, रजिस्टरात लिहिलं "पाणी कमी, वरिष्ठांना कळवले", आणि कुणाला न विचारता बॉयलरखालची आग बंद केली. कारखान्यात बोंबाबोंब. ह्यांना मेमो मिळाला, एक दिवस घरी बसवलं. आठवड्यानं तपासणी झाली तेव्हा कळलं की पाण्याच्या पाइपातली झडप तुंबली होती, अजून तासभर आग चालली असती तर बॉयलर फुटला असता. झडप गुपचूप बदलली गेली. पण त्या ओळीपुढे मॅनेजरनं शेवटपर्यंत सही केली नाही. हे काही बोलले नाहीत. मी मात्र महिनाभर त्या मॅनेजरच्या नावानं खडे फोडत होते. "एवढं काय जात होतं मेल्याचं, एक सही करायला?" हे माझं वाक्य आमच्या मुलीलासुद्धा पाठ आहे.

तर असा हा माणूस रविवारी जुलाब-उलट्यांनी आडवा झाला. सोमवारी मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. आमची डॉक्टर तरुण आहे, मुलीच्या वयाची, पण घाई करत नाही. तिनं पोट तपासलं, औषध दिलं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजत राहायला सांगितलं आणि रक्त तपासायला लिहून दिलं.

"काकू, रोजच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"ब्लडप्रेशरची आहे ना, सकाळची."

"अजून काही?"

"नाही, एवढंच."

त्या प्रेशरच्या गोळीबरोबर एक पिवळी गोळी असते, अंगावरचं पाणी लघवीवाटे काढणारी. दोन्ही मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी दिलेल्या. वर्षानुवर्षं दोघी एकत्र घशात जातात, त्यामुळे माझ्या डोक्यात ती एकच गोळी झाली होती. डॉक्टर म्हणाली, "रिपोर्ट उद्या येईल, तो घेऊन मला लगेच भेटा. तो बघून गोळीचं ठरवू." मी मान हलवली. मान हलवताना माझ्या डोळ्यांसमोर अकरा पँटी होत्या.

पुढच्या खोलीत माझं कपडे दुरुस्तीचं काम चालतं. उंची कमी कर, कंबर सैल कर, चेन बदल. एका हॉटेलच्या वेटरांचे अकरा युनिफॉर्म बुधवारपर्यंत द्यायचे होते. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात मीठ-साखरेचं पाणी, मध्येच बादली, मध्येच चादर. नाकी नऊ आले होते. पण गोळ्या? गोळ्यांची माझी डबी आहे, सात खणांची, प्रत्येक खणावर वार लिहिलेला. रविवार, सोमवार, मंगळवार, एक खण चुकला नाही. ओकारी आली तर थांबून, तोंड पुसून परत गोळी. डोळ्यांत तेल घालून मी ते काम केलं.

मंगळवारी दुपारी मुलीनं फोनवरून लॅबचा रिपोर्ट पाठवला, कोपऱ्यावरच्या दुकानात मी तो छापून घेतला. दोन पानं. जे आकडे बिघडलेले असतात त्यांच्यापुढे लॅबवाले चांदणी छापतात. मी बोट ठेवून वरपासून खालपर्यंत बघितलं. एकही चांदणी नाही. मुलीला तिथूनच कळवून टाकलं, सगळं नॉर्मल आहे, येऊ नकोस.

घरी आले तर हे पलंगावर उशीला टेकून बसलेले, मांडीवर रजिस्टर.

"क्रिएटिनिन किती आहे?"

"एक पॉइंट दोन. नॉर्मल."

"अगं, मागच्या वर्षी पॉइंट आठ होतं. त्याच्या आदल्या वर्षीपण पॉइंट आठ."

"मग?"

"मग चढलंय की."

"एक पॉइंट तीनपर्यंत चालतं. हे बघा, छापलंय. चांदणी कुठंय? मला चांदणी दाखवा."

"काटा लाल रेघेला टेकायची वाट बघायची नसते. चढतोय कसा ते बघायचं असतं. तू जरा डॉक्टरला..."

"अहो, तुम्ही बॉयलर नाही! झोपा!"

हे "बरं" म्हणाले. ह्यांचं "बरं" फार फसवं असतं, छत्तीस वर्षांत मला एवढं कळायला हवं होतं. त्यांनी चष्मा सारखा केला, रजिस्टरात काहीतरी लिहिलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी शिवणाच्या मशीनवर जाऊन बसले. डॉक्टरकडे जायचं राहिलं. राहिलं कसलं, मी ठेवलं. नॉर्मल रिपोर्ट दाखवायला कोण जातं?

बुधवारी जुलाब थांबले, युनिफॉर्म गेले. मला वाटलं, सुटलो. पण हे जास्तच मलूल. तोंड कोरडं, बोलताना जीभ चिकटायची. आणि गुरुवारी सकाळी ते मापाचं भांडं.

भांडं मी फेकून दिलं. ह्यांनी ते कचऱ्याच्या डब्यातून काढून घ्यायला सांगितलं, मी साफ नाही म्हटलं. एवढ्यात बाहेर एक गिऱ्हाईक आलं, त्याच्या कोटाचं बटण तुटलं होतं. मी बटणांचा डबा उपडा केला. पांढऱ्या बटणांत हात फिरवताना एक पांढरं बटण हाताला लागलं, त्याला भोकंच नव्हती. शेजारी एक पिवळं, तेही बिनभोकाचं. मग अजून एक पांढरं, अजून एक पिवळं. बुधवारच्या दोन गोळ्या आणि त्या दिवशी सकाळच्या दोन.

माझ्या समोर पाणी पिऊन, आ करून जीभ दाखवली होती ह्या माणसानं! शाळेतली पोरं बरी!

गिऱ्हाइकाला मी परत पाठवलं. आतल्या खोलीत गेले आणि जे सुचेल ते बोलले. मी मरमर मरायचं, खण मोजायचे, ओकाऱ्या काढायच्या, आणि तुम्ही बटणांत गोळ्या लपवायच्या? मरायचं आहे का तुम्हाला? हे शांतपणे म्हणाले, "पाणी कमी झालं की आधी आग काढायची. आणि खालचा नळ तर उघडाच ठेवायचा नाही. ती पिवळी गोळी म्हणजे तो नळच." मी कपाळावर हात मारला. रिक्षा बोलावली. एका पिशवीत गोळ्यांची डबी, बटणांचा डबा आणि ते रजिस्टर, सगळा पुरावा गोळा केला आणि ह्यांना घेऊन निघाले. डॉक्टरकडे मी उपचाराला नाही, तक्रार करायला निघाले होते, हे कबूल करते.

डॉक्टरच्या टेबलावर मी सगळं ओतलं आणि बोलत सुटले. भांडं, जीभ, बटणं, नळ. ती ऐकत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. तिनं आधी मंगळवारचा रिपोर्ट बघितला. मग पिवळी गोळी बोटांत धरून विचारलं, "ही कधीपासून चालू आहे?" मग रजिस्टर उघडलं आणि एका पानावर तिचं बोट थांबलं.

"काका, हे तुम्ही लिहिलंत? पोटात किती गेलं, बाहेर किती आलं?"

"मंगळवार दुपारपासून," हे म्हणाले. "त्याआधीचं नाही. त्याआधी उठवत नव्हतं."

तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. "काकू, क्रिएटिनिन म्हणजे आपल्या स्नायूंमधून रोज निघणारा कचरा. किडनी तो गाळून बाहेर टाकते. रक्तात तो वाढला, म्हणजे गाळणं कमी झालं. काकांचं अंग बारीक, स्नायू कमी, म्हणून त्यांचा नेहमीचा आकडा पॉइंट आठ. एक पॉइंट दोन हा एखाद्या धडधाकट माणसाचा रोजचा आकडा असेल. काकांचा नाही. काकांच्या हिशेबानं तो दीडपट झाला होता. अंगातलं पाणी गेलेलं, त्यात एक गोळी अजून पाणी काढतेय, आणि प्रेशरची ही गोळी अशा वेळी किडनीला सावरू देत नाही. जुलाब चालू असताना ह्या दोन्ही थांबवायला हव्या होत्या. रिपोर्ट बघून मी तेच सांगणार होते, आणि ही पिवळी तर मला माहीतच नव्हती."

"पण चांदणी नव्हती," मी म्हणाले.

"चांदणी सगळ्यांसाठी मिळून एकच असते, काकू."

आणि हे मला कळू नये? मला? जन्म गेला गिऱ्हाइकांना सांगण्यात, की लेबलवर मीडियम लिहिलंय म्हणून तुम्ही मीडियम होत नाही, माप तुमच्या अंगाचं घ्यावं लागतं. पँट असती तर मी चुकले नसते. नवरा होता म्हणून छापील माप चालवून घेतलं.

ह्यांच्या चेहऱ्यावर जरासं समाधान आलेलं दिसलं, तर डॉक्टर त्यांच्याकडे वळली. "आणि काका, तुम्ही खूश होऊ नका. गोळ्या चोरून बंद केल्यात. ह्या वेळी जमून गेलं. दुसऱ्या एखाद्या आजारात तीच गोळी थांबवणं जिवावर बेतेल. ठरवायचं मी, नाहीतर मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी. तुम्ही फोन करायचा. दोघांपैकी एकानं तरी फोन करायचा होता."

मी टेबलावरची बटणं परत डब्यात भरायला लागले.

परत रक्त घेतलं, संध्याकाळी आकडा आला. दोन पॉइंट एक. ह्या वेळी चांदणी होती, नुसती एक नाही, तीन. दवाखान्याच्या आतल्या खोलीत दोन खाटा आहेत, त्यातल्या एकीवर ह्यांना सलाइन लावलं. मुलगी धावत आली. डॉक्टरनं आम्हा दोघींना बाहेर घेऊन सरळ सांगितलं, पाणी वेळेवर पोचलं असेल तर किडनी सावरेल. आकडा वरच जात राहिला किंवा लघवी थांबली, तर किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवावं लागेल, कदाचित मशीनवर रक्त धुवावं लागेल. तीन दिवसांत कळेल. मुलगी रडली. मला रडूसुद्धा येईना, नुसता राग येत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं, कारण नेहमीचं गिऱ्हाईक सलाइन लावून पडलं होतं.

शुक्रवारी सकाळी परत रक्त. दोन पॉइंट तीन.

मी डॉक्टरच्या खोलीत घुसलेच. "चढलं! रात्रभर बाटल्या लावल्या आणि चढलं!"

"काकू, हा आकडा मागून चालतो. किडनी आज सुधारायला लागली तरी रक्तातला कचरा उतरायला दिवस-दोन दिवस लागतात. आजचं बघायचं असेल तर आज लघवी किती होते ते बघा. कुणीतरी मोजून लिहून ठेवा."

आता सांगा, काय बोलणार? मी घरी गेले, कचऱ्याच्या डब्यातून ते मापाचं भांडं काढलं, तीनदा घासलं आणि पदराखाली झाकून दवाखान्यात आणलं. आणि दिवसभर माझा नवरा आडोशाला गेला की मी बाहेर उभी. "किती?" "बघतेय." "उजेडात धर. पाणी स्थिर होऊ दे, मग वाच." "मला शिकवू नका!" एकशे ऐंशी. मग दोनशे वीस. दुपारी दोनशे नव्वद, तेव्हा मी जवळजवळ नाचले असते, पण हातात भांडं होतं.

हे आकडे लिहायला मी त्यांचं रजिस्टर उघडलं. ह्यांचा डोळा लागला होता. मंगळवारचं पान लागलं. त्यांचं अक्षर आजारपणातही सरळ. क्रिएटिनिन १.२, मागील ०.८. आणि शेऱ्याच्या रकान्यात:

"काटा चढतोय. वरिष्ठांना कळवले. नॉर्मल म्हणाल्या."

खाली, त्याच दिवशी संध्याकाळी: "उद्यापासून आग बंद ठेवणे. वरिष्ठ तीन दिवस झोपलेल्या नाहीत, पुन्हा त्रास देऊ नये."

आणि त्यापुढे तो शेवटचा रकाना. रिकामा.

मी ते रजिस्टर मिटलं. परत उघडलं, आकडा लिहिला, परत मिटलं. सलाइनच्या नळीत थेंब पडत होते, ते बघत बसले. ह्या घरात वरिष्ठ कोण हे मला अखेर कळलं होतं, आणि तो मॅनेजर मीच निघाले होते. माल आज निघायचाय, चालू ठेवा. अकरा पँटी. लाज वाटली. आणि लाज वाटली की मला बोलता येत नाही, म्हणून मी हे जागे झाल्यावर चादर नीट का पांघरत नाही ह्यावरून त्यांच्यावरच खेकसले.

रविवारी आकडा एक पॉइंट सहा झाला. ह्यांना घरी सोडलं. मंगळवारी एक पॉइंट एक. मुलगी हसायला लागली, मी अजून नाही. त्याच दिवशी डॉक्टरनं मोठ्या हॉस्पिटलात फोन करून विचारून घेतलं, प्रेशरची गोळी परत कधी सुरू करायची ते ठरवलं, आणि पिवळीला तूर्त सुट्टी दिली. आणि एक कागद लिहून दिला: उलट्या, जुलाब, ताप आला की ह्या गोळ्या देण्याआधी फोन करणे. तो मी डबीच्या झाकणावर चिकटवला.

गुरुवारी शेवटचा रिपोर्ट आला. मी चांदणी शोधली नाही. मागच्या वर्षीचा रिपोर्ट काढला, शेजारी ठेवला आणि दोन आकडे लावून बघितले. पॉइंट नऊ. जवळजवळ ह्यांचंच माप.

हे टेबलाशी बसून रजिस्टरात तो आकडा लिहीत होते. अंगात जीव आला होता, कारण भांड्याची खूण पाच मिलिलिटरनं चुकीची छापली आहे असा शोध त्यांनी लावला होता आणि तासभर तेच ऐकवत होते.

"पुरे," मी म्हणाले. "इकडे द्या ते."

"काय?"

"रजिस्टर. आणि पेन."

मी मंगळवारचं पान काढलं. काटा चढतोय, वरिष्ठांना कळवले, त्या ओळीपुढच्या रिकाम्या रकान्यात सही केली. पूर्ण नाव, गिऱ्हाइकाच्या पावतीवर करते तसं आखडतं नाही. हे बघत राहिले. काही बोलतील असं मला वाटलं. मलाही काही बोलायचं होतं, गेले सहा दिवस राहून गेलेलं.

हे म्हणाले, "तारीख राहिली."

"अहो!"

"सहीखाली तारीख लागते. त्याशिवाय सही धरत नाहीत."

"कुठली घालू? त्या मंगळवारची?"

"ज्या दिवशी वाचलं त्या दिवशीची."

खोटं घालता आलं असतं. मी सहीखाली शुक्रवारची तारीख घातली.

ह्यांनी चष्मा वर केला, तारीख वाचली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि बोटांवर मोजलं. शनिवार, रविवार, सोमवार... सहाव्या बोटावर थांबले. मग माझ्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या सहीशेजारी, अगदी बारीक अक्षरात, शेरा लिहिला:

"उशीर सहा दिवस. मिळाली."

आणि मग ह्या माणसाचे, चौतीस वर्षं बॉयलरपुढे उभं राहून ज्याच्या डोळ्यांत कधी पाणी दिसलं नाही त्याचे, डोळे भरून आले. "एवढं काय जात होतं..." मी म्हणायला लागले, पण वाक्य पुरं झालं नाही. मी त्यांचं डोकं पोटाशी धरलं, आणि ते म्हणाले, "अगं, चष्मा वाकेल."